शेरा : वगळावा

माझ्या पदव्युत्तर प्रबंधाची क्षेत्रवही अजून माझ्याजवळ आहे. १९९६ च्या खरिपात ती रोज माझ्याबरोबर शेतात असायची, त्यामुळे तिच्या पुठ्ठ्यावर चिखलाचे डाग आहेत आणि मधल्या काही पानांवरची शाई पावसाने पसरली आहे. भेंडीचे ३२ नमुने, प्रत्येक नमुन्याच्या, शेतातल्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकेक अशा तीन ओळी, प्रत्येक ओळीत १२ झाडे, असा तो प्रयोग होता. विषय होता भेंडीतील जनुकीय विविधता आणि उत्पादनाशी निगडित गुणांची निवड. वहीच्या शेवटच्या रकान्यात प्रत्येक नमुन्यासमोर मी एक शेरा लिहिला आहे. काही ठिकाणी "पुढे न्यावा" असे आहे, काही ठिकाणी "पुन्हा पाहावा". नमुना क्रमांक १९ समोर लिहिले आहे : "केसाळ, आखूड फळ, उशिरा फुलोरा. वगळावा." हा शेरा मी पुरेशा विचाराने आणि आकडेमोडीच्या आधाराने लिहिला होता. त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी ते पान उघडले की माझी नजर आधी तिथेच जाते.

भेंडीचे फूल एका दिवसाचे असते. पिवळे, मध्यभागी गर्द तांबूस-जांभळा डोळा असलेले हे फूल सकाळी उमलते, दुपार कलू लागली की मिटते आणि दुसऱ्या दिवशी गळायला येते. एकाच फुलात पुंकेसरांची नळी आणि तिच्यातून वर डोकावणारी स्त्रीकेसराची टोके असल्यामुळे ते स्वतःच्याच परागांनी फळ धरू शकते; पण मधमाश्याही येतात, आणि साधारण ४ ते १९ टक्के बी परक्या परागांपासून तयार होऊ शकते. म्हणजे भेंडी काकडीसारखी सर्वस्वी परागवाहकांवर विसंबून नाही आणि वाटाण्यासारखी दारे लावून बसलेलीही नाही. पैदासकाराच्या दृष्टीने ही मधली स्थिती फार मोलाची आहे, कारण झाड स्वतःचा वंश बऱ्यापैकी टिकवते आणि तरीही शेजारच्या झाडाकडून थोडे काही घेत राहते. एखाद्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घरचेच बी धरले गेले असेल, तर त्या गावची भेंडी दुरून एकसारखी दिसते आणि वाकून पाहिले की तिच्यात चार-पाच तऱ्हा सापडतात. कुठे देठाजवळ लाली असते, कुठे फळावरच्या शिरा पाचांऐवजी सात असतात, कुठे पानांच्या खाचा इतक्या खोल असतात की पान अंबाडीचे वाटावे. गोव्यात पावसाळ्यात परसात लावला जाणारा सात शिरांचा लांब, फिकट भेंडो ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना शिरांची संख्या हा केवळ वर्णनाचा भाग नाही हे सांगावे लागणार नाही.

संकर करायचा असेल तर संध्याकाळी कामाला लागावे लागते. उद्या उमलणारी कळी आज ओळखता यायला हवी; तिच्या टोकाशी पिवळी रेघ दिसू लागलेली असते. तिच्या बुडाशी नखाने किंवा पात्याने गोल काप घेऊन बाहेरचे आवरण आणि पाकळ्या टोपीसारख्या अलगद उचलायच्या, उघड्या पडलेल्या नळीवरचे परागकोश फळ न दुखावता खरवडून काढायचे, वर कागदाची पिशवी चढवायची आणि चिठ्ठी बांधायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या झाडाला बाप करायचे त्याचे ताजे फूल आणून त्याचे पराग तिथे टेकवायचे. एका यशस्वी फळात ३०-५० बिया मिळतात. मी पहिल्या आठवड्यात केलेल्या संकरांपैकी निम्म्याहून अधिक कळ्या गळून पडल्या होत्या, कारण माझा काप खोल जात होता. हात बसायला पंधरा दिवस लागले.

हात बसला तरी नजर बसायला त्याहून जास्त वेळ लागतो. शेतात उभे राहिले की उठून दिसणारे झाड आपल्याला खुणावते. ते उंच असते, हिरवेगार असते, फळांनी लगडलेले असते, आणि त्याचेच बी धरावे असे वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या प्रयोगात असे एक झाड होते, नमुना ७ मधले, पाटाच्या तोंडाशी उभे असलेले. त्याला पाणी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मिळत होते. त्याचे बी दुसऱ्या हंगामात पेरले तेव्हा त्याची संतती आपल्या भावंडांपेक्षा तसूभरही सरस निघाली नाही. पाटाचे पाणी बियांत उतरत नाही.

ही गोष्ट शास्त्राच्या भाषेत प्रथम नीट मांडली ती डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेन यांनी, आणि तीही एका भाजीवरच. त्यांनी घेवड्याच्या एका वाणाच्या १९ बियांपासून १९ स्वतंत्र वंश वाढवले. वंशावंशांत दाण्याच्या वजनाचा फरक होता आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. पण एकाच वंशातला सर्वांत जड दाणा आणि सर्वांत हलका दाणा वेगवेगळा पेरला, तर दोघांच्या संततीची सरासरी सारखीच आली. कित्येक पिढ्या हीच निवड करूनही काही हाती लागले नाही. १९०३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि १९०९ साली 'जीन' (जनुक), 'जीनोटाइप' (वारशाने आलेली घडण) आणि 'फेनोटाइप' (डोळ्यांना दिसणारे रूप) हे शब्द जगाला दिले. जिथे वारशाने आलेला फरकच नाही तिथे निवड कितीही कठोर केली तरी ती हवेत मारलेली रेघ ठरते, हे त्या घेवड्याने दाखवून दिले. मला आजही पैदासशास्त्रातला सर्वांत सुंदर प्रयोग तोच वाटतो, कारण त्यात काहीही न घडणे हाच निष्कर्ष होता आणि ते न घडणे सांगण्याचे धैर्य त्यात होते.

आमच्या पिढीचे विद्यार्थी हाच प्रश्न आकड्यांत बांधायला शिकलेले होते. ३२ नमुन्यांमध्ये एखाद्या गुणात जो एकूण फरक दिसतो, त्याचे दोन भाग करायचे. एक भाग माती, पाणी, सावली यांनी घडवलेला, आणि दुसरा भाग बियांतून आलेला. दुसऱ्या भागाचे एकूण फरकाशी जे प्रमाण, ती हेरिटॅबिलिटी, म्हणजे दिसणाऱ्या फरकातला वारशाचा वाटा. फळाची लांबी, झाडाची उंची, पहिले फूल कितव्या पेरावर आले, या गुणांत हा वाटा मोठा येतो. झाडामागे मिळणाऱ्या एकूण उत्पादनात तो बहुधा कमी येतो, कारण उत्पादन हा एकटा गुण नसून फळांची संख्या, फळाचे वजन, तोडे किती दिवस चालले, अशा कितीतरी गोष्टींची ती गोळाबेरीज असते आणि त्यातल्या काही एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. फळे वाढली की एका फळाचे वजन उतरू लागते, हे कुणाही भेंडी लावणाऱ्याला ठाऊक आहे.

वारशाचा वाटा कळला की निवडीने पुढच्या पिढीत किती फरक पडेल याचा अंदाज बांधता येतो. उदाहरणादाखल, झाडामागच्या उत्पादनातील फरकाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून झाडे साधारण किती दूर पसरली आहेत त्याचे माप, ४० ग्रॅम आहे, वारशाचा वाटा निम्मा आहे आणि आपण वरची ५ टक्के झाडेच निवडतो आहोत असे धरू. ५ टक्क्यांच्या निवडीचा ठरलेला गुणक २.०६ आहे. तिन्हींचा गुणाकार केला की सुमारे ४१ ग्रॅम येतात. म्हणजे पुढच्या पिढीची सरासरी तेवढ्याने वर जाण्याची अपेक्षा ठेवता येते. वारशाचा वाटा एक-पंचमांशच असेल, तर तीच मेहनत करून हाती १६ ग्रॅम लागतात. हे गणित मी वसतिगृहाच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत साध्या कॅल्क्युलेटरवर केले, आणि उत्तरे जुळू लागली तेव्हा झालेला आनंद मला स्पष्ट आठवतो. शेतातला एवढा पसारा, एवढा चिखल आणि घाम, आणि त्याच्या आत एक शिस्त होती.

या गणितात एक अट मात्र दडलेली आहे आणि ती मला त्या वयात नीट उमगली नव्हती. वारशाचा वाटा हा गुणाच्या अंगी चिकटलेला आकडा नसतो. तो त्या नमुन्यांचा, त्या शेताचा आणि त्या हंगामाचा असतो. ज्या वर्षी पाऊस उत्तम झाला त्या वर्षी अवर्षण सोसण्याच्या क्षमतेत नमुन्यांमध्ये काहीच फरक दिसत नाही, कारण ती क्षमता कुणी तपासलेलीच नसते. ज्या शेतात रोग आला नाही, तिथे रोग सोसणारे झाड आणि रोगाला बळी पडणारे झाड शेजारी शेजारी सारखीच हिरवी उभी असतात.

भेंडीचा रोग म्हटला की हळद्या. काही भागांत त्याला केवडाही म्हणतात. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात आणि त्यांची जाळी हिरव्या पानावर उठून दिसते, मग पान पिवळे होते, मग फळेही पांढरट-पिवळी आणि आखूड येऊ लागतात, आणि बाजारात त्यांना कुणी हात लावत नाही. झाड लहान असताना रोग आला तर जवळजवळ सगळे पीक जाते. या रोगाची पहिली नोंद १९२४ साली आपल्याच मुंबई इलाख्यात झाली. तो विषाणूजन्य आहे हे १९४० मध्ये स्पष्ट झाले आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते हे त्यानंतर दाखवले गेले. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या आरंभी पांढरी माशी वाढते आणि तिच्याबरोबर हळद्या सरकतो.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील भेंडीचे नमुने पाहिले. त्यांतला 'आयसी १५४२' हा पश्चिम बंगालमधून आलेला नमुना विषाणू अंगी असूनही लक्षणे दाखवत नव्हता. त्याचा पुसा मखमली या वाणाशी संकर करून पुढच्या पिढ्यांत निवड केली गेली आणि 'पुसा सावनी' जन्माला आली. श्रावणाचे नाव घेतलेला हा वाण पावसाळ्यातही तग धरत होता. फळे गर्द हिरवी, गुळगुळीत, पाच शिरांची; हा वाण देशभर पसरला. माझ्या लहानपणी भेंडीचे बी म्हणजे पुसा सावनीचे बी, एवढेच दुकानदारांना आणि शेतकऱ्यांना माहीत होते. पुढच्या दोन-अडीच दशकांत मात्र तिची सहनशक्ती संपत गेली, आणि ज्या वाणाने हळद्याला अडवले होते तोच त्याचे सर्वांत सोपे भक्ष्य झाला. लाखो शेतांत एकच जनुकीय घडण उभी असेल, तर विषाणूला एकच कुलूप उघडायचे असते. ते उघडले की सगळी घरे त्याची.

आता प्रश्न असा होता की लागवडीच्या भेंडीत दुसरे कुलूप शिल्लक होते का. खाण्याजोग्या भेंडीच्या नमुन्यांत खात्रीची प्रतिकारशक्ती सापडेना. तेव्हा पैदासकारांनी कुंपणाबाहेर पाहिले. भेंडीच्या कुळात ज्या रानटी आणि अर्धरानटी जाती आहेत, त्यांची फळे आखूड, राठ आणि टोचणाऱ्या केसांची असतात. त्या जेवणाच्या ताटात यायच्या नाहीत. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी पुसा सावनीचा 'एबेलमोस्कस मॅनिहॉट' या जातीशी संकर केला. दोन वेगळ्या जातींचा संकर म्हटला की पहिल्या पिढीत बी धरण्याचीच मारामार असते, आणि जे धरते त्यात नको असलेल्या गोष्टींचा लोंढा येतो. उशिरा येणारा फुलोरा, केसाळपणा, कठीण फळे. यावर उपाय एकच, तो म्हणजे संकरित झाडांचा पुन्हा पुसा सावनीशी संकर करायचा, संततीतून रोगमुक्त झाडे शोधायची आणि पिढ्या मोजत राहायचे. त्यांच्या अभ्यासात ही प्रतिकारशक्ती एका प्रभावी जनुकावर, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी गुण दाखवणाऱ्या जनुकावर, चाललेली दिसली, आणि एवढ्या एका आधारावर ती पिढ्यांमधून वेचत नेता आली. १९८६ साली 'हॉर्टसायन्स' या नियतकालिकात त्यांनी जो वाण जगापुढे मांडला, तो 'परभणी क्रांती'.

आमच्या मराठवाड्यात हे नाव आजही आपुलकीने घेतले जाते. अवर्षणाच्या बातम्यांखेरीज ज्या जिल्ह्यांकडे फारसे कुणी पाहत नव्हते, तिथल्या एका विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर देशाच्या भेंडीला पुन्हा उभे करणारा वाण तयार झाला, याचा मला विद्यार्थीदशेत अभिमान होता आणि आताही आहे. पुढे बंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेनेही याच कुळातील रानटी नातेवाइकाचा आधार घेऊन 'अर्का अनामिका' दिली. आणि हेही सांगायला हवे की परभणी क्रांतीची ढालही कायमची नव्हती. काळाच्या ओघात अनेक भागांत तिच्यावरही हळद्या दिसू लागला. विषाणू बसून राहत नाही. हळद्या एकाच विषाणूमुळे होतो असेही नाही. त्याच्या अनेक प्रकारांचा आपापसांत संकर होत असतो, आणि त्यांना जोड देणारे उपग्रही रेणूही असतात. आपण शेतात जे करतो, तेच ते पांढऱ्या माशीच्या साहाय्याने आपल्यापेक्षा वेगाने करत असतात.

मी हा सगळा इतिहास १९९६ मध्ये वाचलेला होता. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात तो मी चार पानांत लिहिलाही होता. तरीही नमुना १९ समोर तो शेरा मीच लिहिला.

हा नमुना मला नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या डोंगराळ भागात, एका म्हाताऱ्या बाईंच्या बांधावरून मिळाला होता. ज्वारीच्या कडेने त्यांनी सात-आठ झाडे ठेवली होती. झाडे फांद्यांनी पसरलेली, खोडावर राठ लव आणि फळे बोटाच्या दोन पेरांएवढी होती. त्यांनी पदराच्या टोकातून मूठभर बी दिले आणि "कोवळी असतानाच तोडा" एवढेच सांगितले. प्रयोगात सगळे नमुने क्रमवार लागले तेव्हा फळाची लांबी, फळाचे वजन आणि पहिला तोडा किती दिवसांनी आला, या तिन्ही रकान्यांत १९ हा क्रमांक तळाशी होता.

तोडणीला येणाऱ्या बायकांचेही मत माझ्यासारखेच होते, पण वेगळ्या कारणाने. भेंडीचा तोडा एक दिवसाआड असतो. फळावरची बारीक लव हाताला, मनगटाला, कोपरापर्यंत लागते आणि घामाने ती चिकटून बसते. कुणी हातात जुने पायमोजे चढवून यायच्या, कुणी नवऱ्याच्या सदऱ्याच्या बाह्या. त्यांतल्या एका मावशींनी मला स्पष्ट सांगितले, "ताई, ह्या तासाला मला नका लावू, हाताची नुस्ती आग होऊ लालीय." मी त्या दिवशी त्या ओळी स्वतः तोडल्या, आणि रात्रभर हात खोबरेल लावून बसले. विद्यापीठाच्या छापील नोंदपत्रकात उंचीपासून बियांच्या वजनापर्यंत १४ रकाने होते, पण तोडणाऱ्याच्या हाताला काय होते याचा रकाना नव्हता. मला हे फार महत्त्वाचे वाटते. ज्या गुणाला रकाना नाही त्याची निवड होत नाही, आणि रकाना कुणी आखायचा हे ज्यांचे हात जळतात त्यांना कधी विचारले जात नाही. फळाचा गुळगुळीतपणा आपण ग्राहकाच्या डोळ्यांसाठी निवडला. त्याने तोडणाऱ्या हातांनाही आराम मिळाला, हा केवळ सुदैवाचा भाग आहे.

एका गुणाचे मोल जागेनुसार किती बदलते याचे उदाहरण मला पुढे कोल्हापूरकडे पाहायला मिळाले. स्वयंपाकघरात भेंडीचा चिकटपणा कुणाला नको असतो. आपण ती धुऊन कोरडी करतो, परतताना कोकम किंवा दही घालतो, झाकण ठेवत नाही. गुऱ्हाळावर मात्र भेंडीची झाडे मुद्दाम लावलेली असतात. तिची खोडे ठेचून पाण्यात भिजवतात आणि तो बुळबुळीत चीक उकळत्या उसाच्या रसात सोडतात. रसातली घाण त्याला धरून मळीच्या रूपाने वर येते आणि काढून टाकता येते. तिथे ज्या भेंडीला अधिक चीक तीच चांगली, आणि फळ कसे आहे याच्याशी गुळव्याला देणेघेणे नसते. माझ्या वहीत चिकटपणाचाही रकाना नव्हता.

प्रयोग संपला तेव्हा बियांच्या डब्यांसाठी कपाटातला एकच कप्पा मला मिळाला होता. वरचे १० नमुने ठेवायचे ठरले. उरलेल्या २२ नमुन्यांचे बी मी एका पोत्यात एकत्र ओतले आणि ते पोते प्रक्षेत्रावरच राहिले. त्याचे पुढे काय झाले ते विचारण्याचेही मला सुचले नाही, कारण प्रबंध टंकलेखकाकडे गेला होता आणि आकडे उत्तम होते.

चार वर्षांनी मी एका बियाणे कंपनीच्या प्रक्षेत्रावर नोकरी करत असताना हळद्याची मोठी साथ आली. ज्या वंशांवर आम्ही तीन वर्षे काम केले होते, ते पंचेचाळीस दिवसांत पिवळे पडले. त्या रात्री मी जुनी क्षेत्रवही उघडली, कारण मला आठवत होते की १९९६ मध्येही थोडा हळद्या आला होता. पान सापडले. तो रकाना मी मोजून भरला होता आणि खाली लिहिले होते : "रोगाचे प्रमाण नगण्य असल्याने विश्लेषणात घेतलेला नाही." बहुतेक नमुन्यांत ३६ पैकी दोन, तीन, पाच अशी झाडे रोगट होती. नमुना १९ समोर शून्य होते.

शून्याचा अर्थ प्रतिकारशक्ती असाच होतो असे नाही, हे मला तेव्हाही कळत होते आणि आताही कळते. हलक्या साथीच्या वर्षी ३६ झाडे नुसत्या योगायोगानेही वाचू शकतात. माशी त्या ओळीवर बसलीच नसेल, किंवा उशिरा वाढणाऱ्या झाडांची पालवी तिला त्या आठवड्यात आवडली नसेल. खरे काय ते ठरवायला एकच मार्ग होता, तो म्हणजे तेच बी पुन्हा, भरपूर रोगाच्या दबावाखाली पेरणे. आणि तेच बी मी पोत्यात ओतले होते. निष्कर्ष चुकला असता तर तो दुरुस्त करता आला असता. मी प्रश्नच फेकून दिला होता.

निवडीविषयी माझा आक्षेप नाही. निवड केली नाही तर वाण होत नाही, आणि वाण नसेल तर बाजारात एकसारखी, कोवळी, गर्द हिरवी भेंडी घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळत नाही. आज भेंडीच्या बियाण्यात संकरित वाणांचा वाटा मोठा आहे, आणि ज्याच्याकडे एक एकर आहे त्याने एकाच दिवशी फुलणारी, एकाच लांबीची भेंडी मागावी यात काहीही गैर नाही. मला खटकते ते हे, की निवडीची प्रत्येक पायरी ज्या विविधतेवर उभी असते ती विविधता त्याच पायरीने थोडी खर्च होते, आणि त्या खर्चाची वही कुणी ठेवत नाही. संकरित बियाण्याची पुढची पिढी विखुरते म्हणून शेतकरी ते धरत नाही; घरचे बी धरण्याची सवय मोडली की बांधावरच्या सात-आठ झाडांना जागा उरत नाही. १९७६ पासून आपल्याकडे राष्ट्रीय वनस्पती जननद्रव्य ब्यूरो आहे, त्याचे अकोल्याचे केंद्र विदर्भ-मराठवाड्याच्या उंबरठ्यावर आहे, आणि दिल्लीच्या जीन बँकेत उणे १८ अंशांवर लाखो नमुने सांभाळले जातात. ते काम फार मोठे आहे. परंतु जीन बँकेत पोहोचते ते कुणीतरी पोहोचवलेले बी. आणि शीतगृहात गेलेले बी त्या क्षणाला थांबते, तर बांधावरचे झाड दर पावसाळ्यात विषाणूला, उन्हाला आणि शेजारच्या परागाला नव्याने सामोरे जात असते. दोन्हींची गरज आहे, एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

नोकरी सोडल्यानंतर मी किनवटला पुन्हा गेले. त्या बाई आता नव्हत्या. बांधावर सागाची रोपे होती आणि घरातल्या सुनेने पाकिटातली भेंडी लावली होती. पुढच्या तीन वाड्यांवर विचारत फिरले, तेव्हा एका घराच्या न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली चार केसाळ झाडे दिसली. फळे आखूड, फांद्या पसरलेल्या. ती १९ ची नातलग आहेत असे मी म्हणू शकत नाही. घरच्या आजींनी तीन वाळलेल्या शेंगा काढून दिल्या आणि मी दिलेले पैसे घेतले नाहीत.

त्या बियांपासून माझ्या पाच गुंठ्यांत या खरिपात दोन ओळी उभ्या आहेत. आजूबाजूला इतर १४ नमुने आहेत आणि दर चौथ्या ओळीला पुसा सावनी पेरली आहे, कारण रोगाचा दबाव सगळीकडे सारखा राहावा म्हणून हमखास बळी पडणारा वाण मध्ये मध्ये लावण्याची पद्धत आहे. एकेकाळी देशभरच्या भेंडीला वाचवणारा वाण आता या कामी येतो, हे पाहताना दर वेळी मन थोडे जड होते. नव्या क्षेत्रवहीत १६ रकाने आहेत. पंधरावा चिकटपणाचा. सोळावा रकाना तोडणीला येणारी शेजारीण भरते. तिला लिहिता येते, पण ती शून्य ते पाच या आकड्यांऐवजी "बरा", "चावतो", "नको" असे लिहिते आणि मी ते तसेच ठेवले आहे.

आज पेरणीला ५२ दिवस झाले. पुसा सावनीच्या ओळी जवळजवळ पूर्ण पिवळ्या आहेत. केसाळ ओळींतील २३ झाडांपैकी दोन झाडांच्या शिरा परवापासून पिवळ्या दिसू लागल्या आहेत, आणि तेही मी लिहून ठेवले. उरलेल्या २१ झाडांवर उद्या उमलणाऱ्या कळ्या आहेत. ऊन उतरले की त्यांवर कागदी पिशव्या चढवायच्या आहेत.